ही मेथड परत काय देते? एडिटरमधली माहितीची चौकट उघडायला आणि वाचायला शिकू या

दुसऱ्याच आठवड्यात बॅचमधली एक मुलगी लॅपटॉप हातात धरूनच माझ्या टेबलाशी आली. वर्गातल्या मुलांचे गुण एका यादीत होते, ते चढत्या क्रमाने लावायचे, एवढंच काम. तिने लिहिलं होतं:

गुण = गुण.सॉर्ट()

पुढच्या ओळीत प्रिंट. पडद्यावर गुणांच्या जागी एकच शब्द: नन, म्हणजे 'काहीच नाही'. "सर, सगळे मार्क उडाले." अर्धा तास ती नेटवर शोधत होती, तीन वेगवेगळी उत्तरं चिकटवून झाली होती.

मी काही न बोलता माऊस सॉर्ट या शब्दावर नेला आणि हात सोडला. क्षणभरात छोटी चौकट उघडली. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी एक बाण होता आणि बाणापुढे तोच शब्द, नन. खाली इंग्रजीत एक वाक्य, ज्याचा अर्थ: यादी चढत्या क्रमाने लावते आणि नन परत देते. म्हणजे यादी जागच्या जागी लागली होती. हिने मेथडने, म्हणजे डॉटनंतर लिहिलेल्या सॉर्ट या कामाने, परत दिलेला नन उचलून त्याच नावात भरला आणि लावलेली यादी हातची घालवली.

"ती चौकट होय? ती सारखी मध्ये येते म्हणून मी माऊस बाजूला घेते," ती म्हणाली.

हा लेख त्या मध्ये येणाऱ्या चौकटीबद्दल आहे. उदाहरणं व्हीएस कोड हा एडिटर (कोड लिहायचा प्रोग्रॅम) आणि पायथन ही भाषा यांची घेतोय, कारण नव्याने शिकणारे बहुतेकजण मला तिथेच भेटतात. कोडमधले शब्द इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना मूळ इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

आधी जोडणी तपासा

नुसत्या व्हीएस कोडला पायथनच्या मेथड्सची काहीच माहिती नसते. माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम मागे चालू लागतो, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. एडिटर त्याला विचारतो, "या ओळीत, या अक्षरावर काय आहे?" आणि आलेलं उत्तर चौकटीत दाखवतो. ही विचारपूस कशी करायची याचे सामाईक नियम २०१६ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, त्यामुळे आज एकच सर्व्हर अनेक एडिटरांना चालतो.

तुमच्या बाजूने काम एवढंच. कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स दाबून एक्स्टेन्शनची पट्टी उघडा, पायथन शोधा, मायक्रोसॉफ्टचं एक्स्टेन्शन इन्स्टॉल करा. त्याच्यासोबत पायलान्स आपोआप येतं, तोच आपला सर्व्हर. मग फाइल डॉट पीवाय या शेवटाने सेव्ह करा. हे शेवटचं किरकोळ वाटतं, पण "माझ्याकडे काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्यांत एक तरी जण असा निघतोच, ज्याची फाइल अजून 'अनटायटल्ड' आहे आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'प्लेन टेक्स्ट' लिहिलंय.

एकदा हे झालं की नेट लागत नाही. पायथनची आणि तुम्ही टाकलेल्या लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) माहिती तुमच्याच मशीनवरच्या फाइलींतून वाचली जाते. लॅबचं वायफाय गेलं, गाडीत रेंज नाही, तरी चौकट उघडते.

चौकट उघडायची

सरावासाठी नवीन फाइलमध्ये ही ओळ लिहा:

गुण = [७२, ३५, ९१, ४८]

पायथनला व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, तेव्हा 'गुण' हे नाव खरोखर तसंच ठेवलंत तरी हरकत नाही. कंसातले आकडे मात्र इंग्रजी अंकांत लिहा.

पुढच्या ओळीत गुण लिहून डॉट द्या. लगेच मेथड्सची यादी खाली लोंबेल. बाणाच्या की वापरून सॉर्टवर या. आता एंटर मारायची घाई नको. निवडलेल्या नावाच्या उजव्या टोकाला एक बारीक खूण दिसेल, तिच्यावर क्लिक करा किंवा कंट्रोल-स्पेस दाबा. शेजारी दुसरं पान उघडतं, त्यात सॉर्टची पूर्ण माहिती. तेच पुन्हा दाबलं की ते मिटतं. एकदा उघडं ठेवलंत की पुढच्या प्रत्येक नावासोबत माहिती आपोआप दिसत राहते. पहिला महिनाभर ते उघडंच ठेवा असं मी सांगतो. पडदा थोडा गजबजतो, पण खाली-वर फिरतानाच दहा मेथड्सची तोंडओळख होऊन जाते.

मॅक वापरणाऱ्या मराठी माणसाची इथे हमखास गंमत होते. मराठी कीबोर्ड जोडलेला असेल तर मॅकवर कंट्रोल-स्पेसने भाषाच बदलते. यादी उघडत नाही आणि पुढचं अक्षर देवनागरीत उमटतं. त्यावर उपाय म्हणजे ऑप्शन आणि एस्केप एकत्र दाबायचं, नाहीतर मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलण्याचा शॉर्टकट बदलायचा.

कोड आधीच लिहिलेला असेल तर नावावर माऊस नेऊन थांबा. चौकट येण्याआधी ३०० मिलिसेकंदांचा थांबा ठेवलेला असतो. त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये 'हॉवर डिले' शोधून आकडा वाढवता येतो. चौकट बंद मात्र करू नका.

माऊसला हात न लावता हवी असेल, तर कर्सर नावावर ठेवून कंट्रोल धरून आधी के आणि मग आय. तिन्ही एकदम दाबून "होत नाही" म्हणणारे खूप असतात. के दाबल्यावर खालच्या पट्टीवर दुसऱ्या कीची वाट पाहत असल्याचा मजकूर येतो, तो दिसला की आय दाबायचं. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. माहिती लांबलचक असेल तर हेच पुन्हा एकदा दाबा, म्हणजे ताबा चौकटीकडे जातो आणि बाणांनी खाली सरकता येतं. एस्केपने बाहेर.

तिसरा प्रसंग कंसातला. गुण.सॉर्ट लिहून कंस उघडलात की वर एक अरुंद पट्टी येते आणि तुम्ही सध्या कोणती किंमत भरताय ते ठळक अक्षरांत दाखवते. चुकून मिटली तर कंट्रोल-शिफ्ट-स्पेस. पट्टीच्या डाव्या बाजूला दोनापैकी एक अशा अर्थाचा आकडा दिसला, तर ती मेथड दोन तऱ्हांनी बोलावता येते. वर-खालीचे बाण दाबून दुसरी तऱ्हा बघून घ्या.

चौकट वाचायची

उघडता सगळ्यांना येते. वाचताना मात्र नजर सरळ खालच्या इंग्रजी परिच्छेदावर जाते, तो लांब दिसतो आणि वाचणं राहून जातं. म्हणून मी उलट क्रम सांगतो: आधी बाण, मग कंस, मग परिच्छेदाचं पहिलं वाक्य. बाकीचं गरज पडली तर.

बाणाच्या पुढे असतं ते मेथड परत काय देते. सॉर्टच्या पुढे नन आहे, म्हणजे काहीच हाती येणार नाही. बरोबर चिन्ह टाकून ते कशात साठवण्यात अर्थ नाही. आता सॉर्टेड या फंक्शनवर माऊस न्या. तिथे बाणापुढे लिस्ट आहे आणि खालचं वाक्य सांगतं की नवीन यादी परत मिळते. नावात दोन अक्षरांचा फरक, वागणं मात्र उलटं. पहिलं तुमच्याच यादीला हात घालतं, दुसरं तिला धक्का न लावता नवी करून देतं. त्या मुलीला हवं होतं ते हे दुसरं, किंवा मग पहिलं, पण बरोबर चिन्हाशिवाय.

स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, मेथड्सवर नेमकी उलट चूक होते. नाव.रिप्लेस() नुसतं लिहून सोडून देतात आणि "नाव बदललंच नाही" म्हणून डोकं धरतात. चौकट उघडा: बाणापुढे एसटीआर (म्हणजे स्ट्रिंग), आणि वाक्याची सुरुवातच 'कॉपी परत देते' अशी. मूळ स्ट्रिंग तशीच राहते. मिळालेली प्रत तुम्ही कुठेतरी ठेवायला हवी होती.

मग कंस. सॉर्टच्या कंसात सुरुवातीलाच एक एकटी फुली (*) दिसते, नंतर की आणि रिव्हर्स. त्या फुलीचा अर्थ: हिच्यानंतरचं सगळं नाव घेऊनच द्यायचं. गुण.सॉर्ट(ट्रू) लिहिलंत तर एरर, गुण.सॉर्ट(रिव्हर्स=ट्रू) चालतं. पॉप या मेथडच्या कंसात शेवटी तिरकी रेघ (/) दिसेल, तिचा अर्थ याच्या उलट: हिच्याआधीचं नाव न घेता, नुसती किंमत द्यायची. ही रेघ पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, आपल्या स्वतःच्या फंक्शनमध्येही वापरता येते. बरोबर चिन्हानंतर जे दिसतं ती डिफॉल्ट किंमत. रिव्हर्ससमोर फॉल्स आहे, म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर उतरता क्रम लागणार नाही. विसर्ग चिन्हासारख्या दोन टिंबांनंतर जे येतं तो प्रकार, म्हणजे तिथे आकडा हवाय की मजकूर की आणखी काही.

आता परिच्छेद. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे बिचकतात, विनाकारण. या चौकटींतलं इंग्रजी फार तोकडं असतं आणि तेच तेच शब्द फिरून येतात. रिटर्न म्हणजे परत देते. रेझेस म्हणजे अमुक परिस्थितीत एरर फेकते. हा शब्द दिसला की ती ओळ वाचाच. इन-प्लेस म्हणजे जागच्या जागी, मूळ वस्तूत बदल. ऑप्शनल म्हणजे नाही दिलं तरी चालेल. इटरेबल म्हणजे ज्यातून एकेक घटक काढता येतो असं काहीही: यादी, स्ट्रिंग, डिक्शनरी, उघडलेली फाइल. एवढे पाच शब्द ओळखीचे झाले की पुष्कळशी वाक्यं सुटतात.

जे चौकटीत नसतं

राउंड या फंक्शनची चौकट उघडा. तिथे लिहिलंय की आकडा दिलेल्या दशांश स्थळांपर्यंत पूर्ण केला जातो. आपण मनात धरतो, अर्धा किंवा जास्त असेल तर वर. आता राउंड(३४.५) चालवून बघा. उत्तर ३४.

ज्याला दहावीच्या निकालात ३५ ला पास हे माहीत आहे, त्याला हा अर्धा गुण कुठे लागतो ते सांगायला नको. पायथन बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून ३४.५ चे ३४ होतात आणि ३५.५ चे ३६. हा नियम पायथनच्या संकेतस्थळावरच्या सविस्तर दस्तऐवजात आहे, चौकटीत नाही. चौकट म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल समजा. डोस कळतो, पण घडी घातलेला आतला कागद वेगळा. पैसे, गुण, तारखा यांच्याशी खेळणारं काही लिहीत असाल तर तो कागद एकदा उघडाच.

मेथड आत काय करते हे बघायचं असेल तर कर्सर नावावर ठेवून ऑल्ट आणि एफ १२ दाबा. व्याख्या तिथल्या तिथे, तुमच्या कोडच्या मधोमध उघडते. नुसतं एफ १२ दाबलं तर थेट त्या फाइलवर नेतं; काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीही धरावी लागते. परत यायला ऑल्ट आणि डावा बाण, मॅकवर कंट्रोल आणि उणे चिन्ह. सॉर्टवर हे केलंत तर निराशा होईल: नाव, कंस आणि पुढे तीन टिंबं. तुमचं काही चुकलेलं नाही. सॉर्टचा खरा कोड सी भाषेत आहे, इथे फक्त तिची ओळख लिहून ठेवली आहे. त्या फाइलमध्ये काही बदलू नका. एकाने तीन टिंबांच्या जागी स्वतःचा कोड लिहून पाहिला होता; त्याच्या धाडसाचं कौतुक केलं आणि कंट्रोल-झेड दाबायला लावलं.

चौकट रिकामी येते तेव्हा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सावकाश.

बाहेरची लायब्ररी, समजा पांडाज, इम्पोर्ट केली आणि त्या ओळीखाली नागमोडी रेघ आली, तर बहुधा मशीनवर दोन पायथन आहेत. पिपने (लायब्ररी टाकून देणाऱ्या प्रोग्रॅमने) लायब्ररी टाकली एकात, एडिटर बघतोय दुसऱ्याकडे. खालच्या पट्टीवर उजवीकडे पायथनचा आवृत्ती क्रमांक असतो, त्यावर क्लिक करा आणि ज्यात लायब्ररी टाकली तो पायथन निवडा. थोड्या वेळात रेघ जाते.

लायब्ररी सापडते पण एखादीच मेथड दिसत नाही, तर ती तुमच्या आवृत्तीत नसण्याची शक्यता धरा. पांडाजच्या डेटाफ्रेमवर पूर्वी ॲपेंड नावाची मेथड होती. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत ती काढून टाकली. जुने व्हिडिओ बघून शिकणारे अजून ती लिहितात. डॉट दिल्यावर यादीत नाव आलं नाही, तिथेच थांबायला हवं होतं. काही भाषांत बाद होऊ घातलेली नावं यादीत मधोमध रेघ मारून दाखवतात. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगवर सबएसटीआर शोधून बघा, काट मारलेलं दिसेल.

आता सर्वांत फसवं कारण. तुम्ही स्वतःचं फंक्शन लिहिता:

डेफ सरासरी(गुण):

आणि आत गुण पुढे डॉट देता. यादी येत नाही, चौकट येत नाही. कालपर्यंत याच नावावर सगळं येत होतं! फरक असा की काल तुम्ही कंसात आकडे देऊन यादी बनवली होती, ती सर्व्हरला दिसत होती. इथे गुण म्हणून कोण काय पाठवणार हे त्याला कळायला मार्ग नाही. तुम्हीच सांगा:

डेफ सरासरी(गुण: लिस्ट[इंट]):

दोन टिंबं आणि प्रकार. त्या क्षणी सगळ्या मेथड्स हजर होतात. प्रोग्रॅम चालण्यात याने काही फरक पडत नाही, पण नव्याने शिकणाऱ्याने प्रकार लिहायची सवय लावावी यासाठी मला हे एवढंच कारण पुरतं. जेसॉन (डेटा साठवायचा एक साचा) वाचून आलेल्या डेटावरही असंच रिकामं येतं, कारण आत काय आहे ते फाइल वाचल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तिथेही नावापुढे प्रकार लिहिला की काम होतं.

आणखी एक. डीबग करताना, म्हणजे चूक शोधताना, प्रोग्रॅम मध्येच थांबवलेला असेल, तर माऊस नेल्यावर माहितीऐवजी त्या क्षणीची किंमत दिसते. बिघाड नाही. ऑल्ट धरून ठेवा, नेहमीची चौकट येते.

तुमच्या फंक्शनची चौकट, मराठीत

डेफच्या ओळीखाली, आत सरकवून, तीन दुहेरी अवतरणचिन्हं टाका, मजकूर लिहा आणि पुन्हा तीन चिन्हांनी बंद करा. याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. ती कशी लिहावी याचे संकेत पायथनवाल्यांनी २००१ सालीच पेप २५७ या दस्तऐवजात लिहून ठेवलेत: पहिल्या ओळीत एका वाक्यात काम, मग एक ओळ मोकळी, मग तपशील. मजकूर मराठीत लिहिलात तर चौकटीत मराठीच दिसते. सरासरीसाठी मी लिहीन:

गुणांची सरासरी परत देते. यादी रिकामी असेल तर शून्य. मूळ यादी बदलत नाही.

तीन छोटी वाक्यं. पण वर बाणापाशी आपण जे शोधत होतो ते सगळं त्यात आलं. फंक्शनच्या डोक्यावर हॅश टाकून लिहिलेली टीप मात्र चौकटीत येत नाही, हे लक्षात असू द्या. जावास्क्रिप्टमध्ये नियम वेगळा: टीप फंक्शनच्या वर असते आणि तिची सुरुवात तिरकी रेघ आणि दोन फुल्यांनी करावी लागते. एकच फुली दिलीत तर ती साधी टीप ठरते, चौकटीत दिसत नाही.

दुसरा एडिटर वापरत असाल तर थोडक्यात: पायचार्म आणि इंटेलिजेमध्ये विंडोज-लिनक्सवर कंट्रोल-क्यू, आणि कंसात असताना कंट्रोल-पी. एक्लिप्समध्ये माऊस नेऊन मग एफ २. ज्युपिटरमध्ये शिफ्ट-टॅब, किंवा नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून सेल चालवा. आयडलमध्ये कंस उघडला की छोटी पट्टी येते. आणि एडिटरच नसेल, नुसता काळा पडदा असेल, तर हेल्प(लिस्ट.सॉर्ट) आहेच, बाहेर पडायला क्यू.

त्या मुलीला मी घरी जाताना जे काम दिलं तेच तुम्हालाही देतो. ॲपेंड, पॉप, रिव्हर्स आणि इन्सर्ट या यादीच्या चार मेथड्स. प्रोग्रॅम न चालवता, फक्त चौकटी उघडून सांगा: यांतल्या कोणत्या मूळ यादी बदलतात, आणि बरोबर चिन्ह टाकून साठवण्यासारखं कोण देतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर एकच आहे. ते मी इथे लिहीत नाही, बाणापुढे लिहिलेलं आहे.